वाचक विचारतात : विजेने औषध जाळता येतं, पण कुठल्या पाण्यातलं?

गेल्या अंकात मी औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर लिहिलं होतं. नेहमीच्या जैविक टाकीतून (जिथे जिवाणू घाण खातात) काही औषधं जशीच्या तशी पार होतात आणि ती विजेच्या साह्याने तोडायचे प्रयोग आता प्रयोगशाळेतून कारखान्यांपर्यंत आलेत, असा एकूण मजकूर होता. त्यावर पत्रं बरीच आली. बहुतेकांना एवढंच हवंय, की हे खरंच चालतं का. माझी सगळी नोकरी बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळ्यांत जाणारं मूळ औषध बनवणाऱ्या कारखान्यांत ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) सांभाळण्यात गेली, त्यामुळे या विषयावर कुणी विचारलं की मला हुरूप येतो. चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला लागून एमआयडीसीत औषधाची कंपनी आहे. नाल्याच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. आता कंपनीची माणसं ग्रामपंचायतीत येऊन सांगून गेली, की आम्ही ‘इलेक्ट्रो-ऑक्सिडेशन’चं युनिट बसवतोय, पाण्यात औषधाचा अंशही राहणार नाही. मॅडम, आमच्यात शिकलेले आहेत, पण या विषयातले नाहीत. आम्ही काय विचारावं?
(एक माजी सरपंच, रत्नागिरी जिल्हा)

सरपंचसाहेब, युनिट बसवतायत हे चांगलंच आहे. ‘अंशही राहणार नाही’ हे मात्र लेखी मागा. तोंडी काय, काहीही सांगता येतं.

आधी आत काय चालतं ते सांगते. नाव भारदस्त असलं तरी ती धातूच्या प्लेटांची चळत असते, धन टोकाची प्लेट म्हणजे अॅनोड आणि ऋण टोकाची कॅथोड. एक अॅनोड, एक कॅथोड, पुन्हा अॅनोड. दोन प्लेटांमध्ये काही मिलिमीटरची फट. त्या फटींतून सांडपाणी ढकलायचं आणि डीसी करंट द्यायचा. व्होल्ट थोडे, ॲम्पिअर भरपूर. अॅनोडवर पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. ओझोनपेक्षाही ते जहाल. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतं; मग ते औषध असो, सॉल्व्हंट असो की कॅंटीनच्या भांड्यांचा साबण. पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावं लागतं आणि प्लेटपासून एका मायक्रॉनच्या आतच त्याचा कारभार आटोपतो. म्हणजे रॅडिकल औषधाकडे जात नाही, औषधालाच प्लेटपाशी यावं लागतं. सगळा खर्च आणि सगळी अडचण इथून सुरू होते.

तेव्हा पहिला प्रश्न विचारा : अॅनोड कसला? स्वस्तात मिळतो तो टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेला. कॉस्टिक-क्लोरीनच्या कारखान्यांत याच जातीचे अॅनोड असतात, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढण्यात ते पटाईत. महाग असतो तो बोरॉन घातलेल्या हिऱ्याचा. नायोबियमच्या किंवा सिलिकॉनच्या पत्र्यावर काही मायक्रॉन जाडीचा हिऱ्याचा थर चढवलेला असतो. (हिऱ्यातून एरवी वीज वाहत नाही, बोरॉन मिसळलं की वाहते. माझ्या एका मॅनेजरने याचं कोटेशन पाहून ‘मंगळसूत्रात बसवायचाय का?’ असं विचारलं होतं.) स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ख्रिस्तोस कोम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये अॅनोडच्या दोन जाती सांगितल्या. एका जातीच्या पृष्ठभागाला रॅडिकल घट्ट चिकटून राहतं, त्यामुळे औषध अर्धंमुर्धं तुटतं. दुसऱ्या जातीवर ते मोकळं असतं आणि रेणूची पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत वाट लावतं. रुथेनियमवाला पहिल्या जातीत येतो, हिरा दुसऱ्या.

दुसरा प्रश्न मिठाचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा. बल्क ड्रगच्या पाण्यात मीठ असतंच. कुठे ॲसिड वापरलं, कुठे कॉस्टिकने न्यूट्रल केलं, की शेवटी मीठच उरतं. मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते, बिल कमी येतं, मशीन विकणारा खूश. पण त्याच मिठातल्या क्लोराइडपासून अॅनोडवर क्लोरीन आणि हायपोक्लोराइट तयार होतं. तेही औषधावर तुटून पडतं, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) भराभर उतरतो, आलेख बघायला सुंदर दिसतो. फक्त काही वेळा क्लोरीन औषधाला तोडण्याऐवजी त्यालाच जाऊन चिकटतं. असे क्लोरीनवाले सेंद्रिय पदार्थ मूळ औषधापेक्षा जास्त त्रासदायक निघू शकतात आणि ते निसर्गात लवकर कुजत नाहीत. हिऱ्याच्या अॅनोडवर क्लोराइड आणखी पुढे जाऊन क्लोरेट आणि परक्लोरेट होतं. परक्लोरेट पिण्याच्या पाण्यात गेलं तर थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. म्हणून कंपनीला विचारा : शोषण होणारी सेंद्रिय हॅलोजन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत एओएक्स, मोजणार का? युनिटच्या आधी किती आणि नंतर किती? ‘नंतर’चा आकडा मोठा निघाला तर चर्चा तिथेच थांबवायला हरकत नाही.

सॅम्पलची एक गंमत सांगते, तुमच्या कामाची आहे. एका कारखान्यात आम्ही ट्रायल घेत होतो. मशीन विकणाऱ्या व्हेंडरचा माणूस सेलच्या, म्हणजे त्या प्लेटांच्या चळतीच्या आउटलेटला बाटली भरायचा, झाकण लावायचा आणि जीपच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून निवांत जेवायला जायचा. दुपारी उशिरा सॅम्पल लॅबमध्ये पोचायचं. आकडे झकास यायचे. मी एकदा बाटलीचं झाकण उघडलं तर तरणतलावासारखा वास. स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवली, ती क्षणात निळीकाळी झाली. म्हणजे बाटलीत क्लोरीन शिल्लक होतं आणि सेलमध्ये न झालेलं काम ते वाटेत, जीपमध्ये, फुकटात करत होतं. सॅम्पल घेतल्याघेतल्या त्यात थायोसल्फेट घालून क्लोरीन मारायचं असतं. पुढच्या सॅम्पलपासून मी स्वतः घालायला लागले आणि आकडे जमिनीवर आले. तुमच्या समोर सॅम्पल घेतलं तर थायोसल्फेट घातलं का, एवढं जरूर विचारा. समोरच्याला लगेच कळेल, की गाव अडाणी नाही. आणि उरलेलं क्लोरीन मारल्याशिवाय हे पाणी पुढच्या जैविक टाकीत सोडलं, तर तिथले जिवाणू मरतात आणि सगळी ईटीपी बसते.

पाणी आहे तसं, पातळ न करता घ्यायचं, त्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यांतले ९० टक्के जगले पाहिजेत, ही चाचणी औषध उद्योगाच्या मानकांत आधीपासून आहे. तो रिपोर्ट मागा. पाण्यात नवीन काही विषारी तयार झालं असेल, तर सीओडी ते दाखवत नाही, मासा दाखवतो.

आणि अँटिबायोटिकचा आकडा रिपोर्टात शोधू नका, सापडणार नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये मसुदा काढला होता, त्यात एकेका अँटिबायोटिकसाठी मर्यादा दिली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा तो तक्ता गळालेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या कचऱ्याबद्दल मार्गदर्शिका काढली, पण ती काही कायदा नव्हे. कंपनीने स्वखुशीने मोजायचं कबूल केलं तर तेवढंच पदरात पाडून घ्या.

शेवटचं : युनिट कुठल्या पाण्यावर बसवणार? इक्वलायझेशन टँकच्या पुढे, म्हणजे सगळं पाणी एकत्र झाल्यावर बसवणार असतील, तर तो देखावा समजा. मदर लिकर, म्हणजे रिॲक्टरमधून औषधाचे स्फटिक गाळून घेतल्यावर उरणारं दाट पाणी, त्याच्या वेगळ्या लाइनवर बसवणार असतील तर बोलणी पुढे न्या. असं का, ते खालच्या दोन उत्तरांत येईल.

प्रश्न : मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जुन्या टॉर्चच्या सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी, पॅरासिटामॉलची एक गोळी आणि चिमूटभर मीठ घेतलं. पाणी आधी पिवळट आणि मग तपकिरी झालं. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २४३ नॅनोमीटरचं शिखर बरंच खाली आलं. ‘औषध नष्ट झालं’ असं निष्कर्षात लिहू का?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नको लिहूस. पण प्रयोग छान आहे, आणि तो तपकिरी रंगच तुझ्या प्रोजेक्टचा खरा विषय आहे.

पॅरासिटामॉलचं पाणी बिनरंगी असतं. अॅनोडवर त्याचे इलेक्ट्रॉन गेले, की आधी क्विनोन-इमाइन होतं आणि त्यातून पॅरा-बेंझोक्विनोन. पिवळा रंग त्या घराण्याचा. हे तुकडे एकमेकांना चिकटून लांबट रेणू झाले, की तपकिरी. बेंझोक्विनोन हे पॅरासिटामॉलपेक्षा पाण्यातल्या जिवांना किती तरी जास्त विषारी. म्हणजे तुझ्या बीकरमध्ये औषध कमी झालं आणि पाणी आणखी वाईट झालं, अशी शक्यता आहे. विद्युतप्रवाह चालू ठेवलास तर रेणूतली कार्बनची रिंग फुटते, मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल येतं, मग ऑक्झॅलिक. रंग उडतो. ऑक्झॅलिक आम्ल मात्र चिवट. ते हिऱ्याच्या अॅनोडवर जातं, तुझ्या कार्बनच्या कांडीवर हटून बसेल.

आता यूव्हीचं. पॅरासिटामॉल २४३ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, पण बेंझोक्विनोनसुद्धा २४६ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं. म्हणजे २४३ वर तू जे वाचतेस ती दोघांची बेरीज आहे. तिथून ‘टक्के’ काढू नकोस. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा करून मोजणारं यंत्र) नसेल तर शेजारच्या एखाद्या फार्मसी कॉलेजला विनंती कर. विद्यापीठात टीओसी ॲनलायझर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला हे तोच सांगतो. मग तुला निष्कर्षात दोन वेगळे आकडे देता येतील : औषध किती गेलं, आणि कार्बन किती गेला. या दोहोंमधला फरक म्हणजे तुकडे.

आणखी एक पळवाट बंद कर. कार्बनच्या कांड्या झिजतात, बीकरच्या तळाशी काळी पूड बसली असेल बघ. कार्बन पॅरासिटामॉल शोषून घेतो. तेव्हा विजेशिवाय, तशीच पूड घातलेला एक बीकर तेवढाच वेळ बाजूला ठेव आणि त्याचंही रीडिंग घे. नाहीतर तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर पहिल्याच प्रश्नाला पकडतील. मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापर, क्लोरीनची भानगड टळेल. मीठच वापरायचं असेल तर खिडकी उघडी ठेव आणि बीकरवर वाकून वास घेऊ नकोस.

आता हिशोब, हा प्रोजेक्टमध्ये घालच. पॅरासिटामॉलच्या एका रेणूचं पूर्ण कार्बन डायऑक्साइड करायचं तर ३४ इलेक्ट्रॉन काढावे लागतात (नायट्रोजनचा अमोनियम होतो असं धरून). ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ०.००३३ मोल. त्याला ३४ ने आणि ९६,४८५ कूलॉमने गुण, साधारण १०,८५० कूलॉम येतील. म्हणजे ३ ॲम्पिअर-तास. सेलवर ५ व्होल्ट धरले तर १५ वॅट-तास. ९ वॅटचा एलईडी दिवा पावणेदोन तासही चालणार नाही एवढ्या विजेत आख्खी गोळी, कागदावर, नाहीशी होते. तुझी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी साधारण अर्धा ॲम्पिअर-तास देते. तेव्हा एका बॅटरीत गोळी ‘नष्ट’ झाली असेल, हे गणितातच बसत नाही!

प्रश्न : मी झुरिकला असतो. इथे शेजारच्या ड्युबेनडॉर्फमधल्या सांडपाणी केंद्रात औषधांचे अंश काढायला ओझोन वापरतात. तुम्ही सांगता ती विजेची पद्धत इतकी जबर आहे, तर पुण्याच्या एसटीपींमध्ये (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत) थेट तीच का बसवत नाहीत?
(एक वाचक, झुरिक)

वरच्या विद्यार्थिनीला दिलेला हिशोब इथेच पुढे नेते. तीच गोळी आता गटारात गेली आणि लिटरमागे १ मायक्रोग्रॅम इतकी पातळ झाली असं धरा. शहरी सांडपाण्यात औषधं या मापाने सापडणं नवलाचं नाही. ५०० मिलिग्रॅम गोळी किती पाण्यात पसरली? ५ लाख लिटर. १० हजार लिटरचे ५० टँकर. हजार लिटरमागे फक्त १ युनिट वीज लागेल असं धरलं, आणि हे मी फारच हात सैल सोडून धरलंय, तरी ५०० युनिटं झाली (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). बीकरमध्ये १५ वॅट-तास, गटारात ५ लाख वॅट-तास. गोळी तीच, वीज तेहतीस हजार पट.

कारण मघाचंच : रॅडिकल प्लेट सोडून जात नाही. औषधाचा एखाददुसरा रेणू प्लेटपाशी येईपर्यंत वीज पाणीच फोडत बसते. शिवाय मैलापाण्यात लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम इतर सेंद्रिय माल असतो. रॅडिकलला निवड नसते, ते आधी त्याच्याशीच भिडतं. त्यात पाण्यातल्या चुन्याची पुटं कॅथोडवर चढतात, ती काढायला प्लेटांचे ध्रुव उलटे करावे लागतात किंवा ॲसिडने धुवावं लागतं. शहराच्या केंद्रात हा व्याप कोण करणार?

तुमच्याकडचं ड्युबेनडॉर्फचं केंद्र २०१४ पासून ओझोनवर चालतंय. ओझोन पाण्यात विरघळून पसरतो, औषधापर्यंत आपणहून पोचतो, म्हणून पातळ पाण्यात तो परवडतो. दुसरा उपाय सक्रिय कोळशाचा. तुमच्या सरकारने शंभरेक केंद्रं निवडून त्यांना निवडक सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के कमी करायला सांगितलंय आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार घेतला जातो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आणखी पुढची उडी मारली : या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्यात, ते ओघानेच आलं. आपल्याकडे अजून बऱ्याच शहरांत सगळा मैला केंद्रापर्यंत पोचतच नाही. आधी तो पोचवावा, मग ओझोनच्या गप्पा, असं माझं मत आहे. नुसती जैविक टाकी नीट चालली तरी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ९० टक्क्यांच्या वर जातात. कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ तसंच बाहेर येतं, डायक्लोफेनॅकही बरंचसं.

विजेची जागा उलट्या टोकाला आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरूचं उदाहरण घ्या. तिथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी एका सामाईक केंद्रात यायचं. गोथेनबर्ग विद्यापीठाच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निकाल छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. दिवसाला ४५ किलोच्या घरात हे एकच अँटिबायोटिक वाहून जात होतं. अशा पाण्यात जैविक टाकीकडून काय अपेक्षा करायची? तिथले जिवाणू एक तर मरतात, नाही तर औषधाला सरावतात, आणि सरावलेले जास्त घातक.

इतकं दाट पाणी, तेही ९० कारखान्यांचं एकत्र व्हायच्या आधी, ज्याच्या त्याच्या दारात मदर लिकरच्या लाइनवरच धरलं, तर विजेचा प्रत्येक ॲम्पिअर कारणी लागतो. शेवटपर्यंत जाळायचीही गरज नसते. रेणू इतपत तोडायचा, की त्याचा जिवाणू मारायचा गुण जाईल. उरलेले तुकडे जैविक टाकी स्वस्तात खाते. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये एवढी एक मेख आहे, की त्याची पिपराझिनची कडी आधी फुटते आणि मधला क्विनोलोनचा गाभा मागे राहतो. गाभा शाबूत असेल तर थोडाफार गुणही शाबूत राहतो. तेव्हा किती वेळ चालवायचं हे एचपीएलसीवर मूळ औषध दिसेनासं झालं यावरून ठरवू नये. पेट्रीडिशमध्ये जिवाणू वाढवून बघावेत. चाचणी जुनी आणि स्वस्त आहे. ट्रायलच्या रिपोर्टांत ती मला क्वचितच दिसली.

प्रश्न : सासरे गेले. त्यांच्या औषधांचा मोठा डबा घरात आहे, मधुमेहाच्या, फिटच्या गोळ्या, दुखण्याची मलमं. फ्लश करून टाकू का?
(एक गृहिणी, नाशिक)

नका करू, ताई. वर लिहिलेले ५० टँकर आठवा. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली आहे, ती फ्लश करायला सांगितलीत. पण ती मॉर्फिन, फेंटानिल अशा जातीची, मुलाबाळांच्या हाती पडली तर जिवावर बेतणारी. तुमच्या डब्यात तसं काही असेल तर औषधाच्या दुकानात विचारून घ्या. बाकीच्यांसाठी २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. ओल्यासुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधा, वर ‘जुनी औषधं’ असं लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. पाकिटं फोडून गोळ्या काढत बसू नका. मुदत शिल्लक असली तरी कुणाला परस्पर वाटू नका, फिटच्या गोळ्या तर मुळीच नाही.

तरी एक खरं सांगते : नदीत जाणाऱ्या औषधाचा मोठा भाग डब्यातून जात नाही, माणसातून जातो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, घेतलं तसं लघवीवाटे बाहेर पडतं. त्याला तुमचा-माझा इलाज नाही, आणि म्हणून कुणी गोळी चुकवायचीही नाही.

मलमाला मात्र इलाज आहे. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला चोळलं, की त्यातलं अगदी थोडं कातडीत मुरतं. बाकीचं हाताला आणि कपड्यांना राहतं आणि तिथून थेट मोरीत. तेव्हा चोळून झाल्यावर हात आधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने नीट पुसा, तो तुकडा सुक्या कचऱ्यात टाका आणि मग हात धुवा. आंघोळीच्या आधी लावू नका, नंतर लावा.